बँड आधी, वाजवायला नंतर शिकू

पायांत बूट घाला. चपला-सँडल चालणार नाहीत; का ते रात्री नऊनंतर आपोआप कळेल. मोबाइल घरीच ठेवा, जिथे जायचंय तिथे त्याला कुणी ओळखत नाही. खिशात एकेक डॉलरच्या सुट्ट्या नोटा, एक जाड काळा मार्कर आणि एक कोरी कॅसेट एवढं असलं की पुष्कळ झालं.

आणखी एक अट आहे. या प्रवासापुरतं तुम्ही एकोणीस वर्षांची मुलगी आहात. पुरुष वाचकांनी कुरकुर करू नये. शिकारकथा, समुद्रसफरी, गिर्यारोहणाची पुस्तकं वाचताना बायका पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे ‘तो’ होऊन हिंडल्या आहेत. आज एका संध्याकाळपुरता तुमचा नंबर. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला अहो-जाहो कोण करतं? तेव्हा इथून पुढे ‘तू’.

उघड डोळे. ऑगस्ट १९९१. गाव ऑलिंपिया, राज्य वॉशिंग्टन. व्हाइट हाउस शोधू नकोस, ते वॉशिंग्टन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. हे पॅसिफिककडचं, खाडीच्या तळाशी वसलेलं एवढंसं गाव, आणि तरीही राज्याची राजधानी.

आधी वास येतो. ओहोटी लागलीय, खाडीचा चिखल उघडा पडलाय आणि त्याचा खारट-कुजकट दर्प थेट चौथ्या रस्त्यापर्यंत चढून आलाय. वारा फिरला की त्यात शेजारच्या टमवॉटरमधल्या बिअरच्या कारखान्याचा, उकडलेल्या जवाचा वास मिसळतो. बंदरावर ओंडक्यांचे ढीग रचलेत, तिकडून ताज्या लाकडाचा आणि राळेचा. ऑगस्ट असून पाऊस नाही, याचं तुला नवल वाटेल. इथला पाऊस बाकी वर्षभर रिपरिपतो आणि नेमका याच महिन्यात सुटी घेतो. इथे इतके बँड का, याचं गावातल्या पोरांकडे तयार उत्तर असतं : बाहेर सतत पाऊस, मग तळघरात बसून करायचं काय?

पाच वाजले. टेकडीवरच्या घुमटाखालून सरकारी कारकून बाहेर पडले, गाड्या काढल्या, गेले. रस्ता रिकामा झाला आणि मग गावाचे खरे मालक उतरले. एकीचे केस सरबताच्या पुडीतल्या लाल रंगाने रंगवलेले, घाम आला की कपाळावर गुलाबी ओघळ येतो. दुसरीने जुन्या कपड्यांच्या दुकानातून कुणाच्या तरी आजीचा फुलाफुलांचा झगा आणलाय आणि खाली बांधकामावरच्या मजुराचे बूट. केसांत मात्र बालवाडीतल्या पोरींच्या प्लॅस्टिकच्या पिना. कुणी कुणाला नखशिखांत न्याहाळत नाहीये. तू मात्र न्याहाळते आहेस, आणि तुझ्या लक्षात येतं की इतकी वर्षं आपल्यालाच कुणीतरी न्याहाळत होतं. त्यामुळे हे जरा अवघड जातंय.

एका उघड्या खिडकीतून रेडिओ ऐकू येतो. केएओएस, इथल्या एव्हरग्रीन कॉलेजचं केंद्र. त्यांचा नियम असा की वाजवलेल्या संगीतापैकी ८० टक्के छोट्या, स्वतंत्र लेबलांचंच हवं. गावातल्या कुणीतरी तळघरात केलेली कॅसेट दुपारी रेडिओवर लागते आणि संध्याकाळी तोच माणूस तुला वाण्याकडे पाव घेताना दिसतो. गाणाऱ्या लोकांबद्दलचं भय मोडायला याहून सोपा उपाय नाही.

चल वर. चौथ्या रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत, तिसरा मजला, दार उघडंच आहे. पंखा नाही. जमिनीवर सहाजणी मांडी ठोकून बसल्यात, मध्ये कात्र्या, गोंदाच्या कांड्या, एक अक्षर अडकणारा टाइपरायटर आणि गृहिणींसाठीच्या जुन्या मासिकांचा ढीग. त्या मासिकांतल्या हसऱ्या बायका कापल्या जातायत. मिक्सरशेजारी उभी असलेली एकजण मिक्सरपासून सोडवली गेली आणि तिच्या तोंडाजवळ टाइप केलेलं वाक्य चिकटलं. हे झीन. म्हणजे मासिकच, पण संपादक, छपाईवाला, वितरक आणि शिपाई सगळी एकच मुलगी. टोबी वेल नावाची ड्रम वाजवणारी मुलगी ‘जिगसॉ’ काढते. ॲलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन या दोघींचं ‘गर्ल जर्म्स’. परवाच पूर्वेकडून आलेली एका कागदाची घडी हातोहात फिरतेय, तिच्यावर नाव आहे ‘रायट गर्ल’. मूळ इंग्रजीत ‘गर्ल’मध्ये तीन-तीन ‘र’ घालून तिची गुरगुर केलीय.

तू एक अंक उचलतेस. तुला वाटलं होतं गिटारबद्दल असेल. आहेही. पण गिटारच्या पानाला लागूनच, बस स्टॉपवर रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल एक पान आहे. त्यापुढे सावत्र बापाबद्दल. त्यापुढे, आवडता बँड ज्या गाण्यात बायकोला मारतो ते गाणं आपल्याला पाठ आहे याचं काय करायचं, याबद्दल. अक्षर वाकडंतिकडं, खाडाखोड तशीच. तुला कान गरम झाल्यासारखं होतं, कारण हे सगळं माहीत होतं. छापलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

“बघत काय बसलीस, धर,” म्हणून तुझ्या हातात स्टेपलर येतो. अडचण अशी की साधा स्टेपलर घडीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. मग तो उलगडायचा, कागद गालिच्यावर पालथा घालायचा, पिन गालिच्यात ठोकायची, अलगद ओढून काढायची आणि टोकं बोटाने दुमडायची. दहा अंकांनंतर अंगठा सोलवटतो. मराठीत लघुअनियतकालिकांच्या दिवसांत सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करून घेतलेल्या मंडळींना ही खटपट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की त्या अंकांत बाई बहुतेक करून कवितेत असायची. इथे ती स्टेपलर घेऊन बसलीय.

पानं कमी पडतात. झेरॉक्सच्या दुकानात जायला हवं. काउंटरवरचा पोरगा ओळखीतला आहे. तो शंभर प्रतींचे पैसे दहाच्या हिशोबाने लावतो आणि छताकडे बघत राहतो. झाकणाखालून हिरवा उजेड सरकतो, विजेसारखा उग्र वास येतो, आणि कागद बाहेर पडतात ते गरमागरम. तो गठ्ठा पोटाशी धरून चालायला बरं वाटतं. किंमत एक डॉलर, नाहीतर पोस्टाची दोन तिकिटं. तिकिटांवर गोंदाचा पातळ थर द्यायची युक्ती कुणीतरी तुला कानात सांगतं : पाण्याखाली धरलं की शिक्का गोंदासकट धुऊन जातो, तिकीट पुन्हा कोरं. ही गोष्ट मी तुला सांगितली असं कुणाला सांगू नकोस.

परतीच्या वाटेवर तुला ब्रॅटमोबिलची गोष्ट ऐकायला मिळते. ती इथे प्रत्येकजण सांगतो, आणि सांगायलाच हवी अशी आहे.

ॲलिसन आणि मॉली कॉलेजात शेजारी राहायच्या. दोघी भेटेल त्याला सांगत सुटायच्या की आमचा बँड आहे. नाव ब्रॅटमोबिल. नाव होतं, गाणी नव्हती, वाद्यं नव्हती, वाजवता येत नव्हतं. थापच म्हण ना. ती थाप के रेकॉर्ड्‌सवाल्या कॅल्व्हिन जॉन्सनच्या कानावर गेली आणि त्याने फोन केला : व्हॅलेंटाइन डेला कार्यक्रम आहे, तुम्ही वाजवा. दोघींची पाचावर धारण बसली. ‘अहो, आमचा बँड खरा नाही’ असं सांगून पाहिलं, पण तो ऐकेना. मग धावपळ करून सरावाला उसनी वाद्यं मिळवली. ज्याने मदत केली त्याला विचारलं, गाणी करायची कशी? तो म्हणाला, रमोन्स ऐका, म्हणजे जमेल. हा सल्ला वाईट नव्हता. निम्मं पंक संगीत तसंच शिकलंय. पण ॲलिसनने त्यावर ठरवलं की आता आयुष्यात रमोन्सची एकही रेकॉर्ड विकत घ्यायची नाही. सगळेच रमोन्स ऐकून बँड काढत असतील तर आपला वेगळा वाजायला नको का? फेब्रुवारीत बिकिनी किल आणि सम व्हेल्व्हेट साइडवॉक या बँडांबरोबर त्या दोघी उभ्या राहिल्या, जेमतेम चार-पाच गाणी म्हणाल्या आणि थाप खरी झाली. त्या रात्री समोरच्या गर्दीत कोरिन टकर नावाची एक मुलगी होती. तिला थोड्याच वेळात भेटशील.

सात वाजत आले. पाचव्या रस्त्यावर कॅपिटल थिएटरपाशी रांग लागलीय. १९२४ साली बांधलेलं हे जुनं सिनेमाघर. आत शिरताच पॉपकॉर्नच्या लोण्याचा आणि जुन्या गाद्यांच्या धुळीचा वास. इथे आजपासून सहा दिवसांचा मेळा आहे, ‘इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड कन्व्हेन्शन’. कॅल्व्हिन आणि कँडिस पेडरसन यांचं हे डोकं. निमंत्रणातच बजावलंय की मोठ्या कंपन्यांच्या चाकरांनी फिरकू नये. बँड तर आहेतच, शिवाय ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे सगळे चित्रपट ओळीने आहेत, केक जिंकायचा खेळ आहे. आज मंगळवार, २० तारीख. मॉस्कोत या घटकेला रणगाडे रस्त्यावर आलेत, पण रांगेतल्या चर्चेचा विषय तो नाही. चर्चा ही की मेळ्याची पहिलीच रात्र मुलींना दिलीय. लोइस मफेओ, मार्गारेट डोहर्टी आणि त्यांच्या मैत्रिणींनी ती उभी केलीय.

यात विशेष काय, असं वाटत असेल तर एकदा नेहमीच्या कार्यक्रमाची चव घे. डोळे मीट, महिनाभर मागे जा. हार्डकोअर पंकचा कार्यक्रम, कुठल्यातरी हॉलमध्ये. स्टेजसमोर पंधरा-वीस उघडे पोरगे एकमेकांवर आपटतायत. त्या भोवऱ्यात तू एकदा शिरून पाहिलंस. एक कोपर दातांवर बसलं, ते चुकून. एक हात कुठेतरी फिरला. तो चुकून नाही. आता तू मागच्या भिंतीला टेकून उभी आहेस आणि तुझ्या हातावर चार जॅकेटं आहेत, मित्राची आणि त्याच्या मित्रांची. अशा मुलींना या मंडळींत ‘कोट हँगर’ म्हणतात. खुंटी! चामड्याचं जॅकेट फार जड असतं, घामाचं तर आणखी. स्टेजवर काय चाललंय ते तुला ऐकू येतं, दिसत नाही. दिसतात त्या पाठी.

हे ‘न दिसणं’ नीट लक्षात ठेव. माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. मागून ऐकलं की संगीत ही जादू वाटते, आणि जादू करणारी माणसं जन्मावी लागतात असंही वाटतं. पुढून पाहिलं की कळतं, त्याने तीन बोटं दोन पट्ट्यांवर ठेवलीत, आणि बोटं तुझ्याहून काही लांब नाहीत.

ये परत. दिवे मंद झालेत.

कोरिन टकर आणि ट्रेसी सॉयर, हेवन्स टू बेट्सी. दोघीच. एक गिटारवर, एक ड्रमवर. हा त्यांचा पहिलावहिला कार्यक्रम. कोरिन तुझ्यापेक्षा वर्षाने लहान, अठराची. ॲम्प घुं करतो, कुणीतरी खोकतं. तुझ्याच हाताला घाम सुटतो, कारण मुलीने स्टेजवर चूक केली की ती फक्त तिची नसते, सगळ्या मुलींच्या खात्यावर पडते, हे तुला शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ठाऊक आहे.

वाजवणं कच्चं आहे. गोड बोलून काय करू, खरंच कच्चं आहे. ताल मध्येच ओढला जातो, गिटार खरखरते. आणि मग ती तोंड उघडते. तो आवाज एवढ्याशा अंगात कुठे ठेवला होता कोण जाणे. थरथरत वर जातो, फाटेल फाटेल म्हणता फाटत नाही, छातीच्या पिंजऱ्यात शिरून आतून ढकलतो. तुझ्या शेजारची अनोळखी मुलगी तुझा दंड गच्च पकडते आणि आपण पकडलाय हे तिला कळलेलं नसतं.

या दोघींचं पाळीवरही एक गाणं आहे. मोघम नाही, थेट. रक्त, लाल रंग, लाज आणि त्या लाजेचा राग. याच दिवसांत स्लिम मूनने काढलेल्या ‘किल रॉक स्टार्स’ या नव्या लेबलच्या पहिल्या संकलनात ते आलंय. औषधाच्या दुकानात पुडकं आधी वर्तमानपत्रात, मग काळ्या पिशवीत गुंडाळून मिळतं अशा गावातून तू आलीस. आणि ही मुलगी तेच ॲम्पला जोडून वाजवते. तुला आधी इकडेतिकडे बघावंसं वाटतं, कुणी ओळखीचं नाही ना.

आपल्याकडे मुलीने चारचौघांत गायचं तर आधी वर्षानुवर्षं तानपुऱ्यामागे बसायचं, गुरूने मान डोलावली की मग. त्या वाटेने काय मिळतं ते आपण ऐकलंय, तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण त्या वाटेवर परवानगी देणारा कुणीतरी लागतो. इथे तो माणूसच काढून टाकलाय, आणि त्याच्या जागी जो काही थोडा बेसूर येईल तो या मुलींनी चालवून घेतलाय.

पुढे सगळं भराभर. व्हँकुव्हरहून आलेली जीन स्मिथ, मेका नॉर्मलची. तिचा आवाज सुरीसारखा फिरतो आणि पुढच्या रांगेतल्या मुली तिच्याकडे मोठ्या बहिणीकडे बघावं तशा बघतात. निकी मक्लूर, पुढे कागद कापून केलेल्या चित्रांसाठी नावाजली जाईल ती. सिॲटलच्या सेव्हन इयर बिच. यांना मात्र वाजवता येतं, चांगलंच येतं, जमीन बुटांतून हलते. बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना आज आपला बँड घेऊन आलेली नाही, दुसऱ्या दोन जोडण्यांत गाते. एकीत तिच्याबरोबर शॅरन चेस्लो आहे, पूर्वेकडच्या वॉशिंग्टनमधल्या पहिल्या सगळ्या-मुलींच्या पंक बँडची. आणि ब्रॅटमोबिल, आता एरिन स्मिथच्या गिटारसह तिघी. बास नाहीच. ॲलिसन शाळेच्या मैदानावर चिडवाचिडवी करावी तशा सुरात गाते आणि उड्या मारते. घाम छतापर्यंत चढून परत खाली ठिबकतोय असं वाटायला लागतं. तुझ्या पायांवर किमान तीनजणी नाचून गेल्यात. बूट घाल म्हटलं होतं ना.

मध्यंतरात स्वच्छतागृहातल्या आरशासमोर गर्दी. एक मुलगी न विचारता तुझा मार्कर घेते आणि तुझ्या हाताच्या पंजावर एक तारा आणि एक बदाम काढते. ही खूण. उद्या अनोळखी गावात, अनोळखी बसमध्ये असा हात दिसला की समजायचं, आपली आहे. दुसरी पोटावर काहीतरी लिहून घेतेय. वाचलंस? हो, ती शिवीच आहे. लोक मनात देतात, ती हिने मोठ्या अक्षरांत आधीच लिहून टाकली. आता त्यांनी बोलायचं काय?

बाहेर फुटपाथवर जाता जाता एक गंमत. पुढच्या महिन्यात याच परिसरातल्या निर्वाणा नावाच्या बँडचं एक गाणं येईल आणि जग उलटंपालटं करील. त्या गाण्याचं नाव कॅथलीनने एका रात्री बँडच्या गायकाच्या, कर्ट कोबेनच्या, भिंतीवर खरडलेल्या ओळीतून आलंय; टोबी जे डिओडरंट वापरायची त्याचा वास त्याच्या अंगाला येतो, एवढाच तिचा अर्थ. बिचाऱ्याला ते क्रांतीचं वाक्य वाटलं.

आता आपल्या कालयंत्राला एक हिसका देऊ. वर्षभर पुढे, देशाच्या त्या दुसऱ्या टोकाला, खऱ्या व्हाइट हाउसवाल्या वॉशिंग्टनजवळ. आर्लिंग्टनमध्ये ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या कार्यकर्त्या मंडळींचं एक घर आहे. बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस मुली गोलात, दमट उन्हाळा, बटाट्याच्या कापांचं रिकामं पाकीट, एकाच पंख्यासाठी सरकासरकी. इथे पुरुषांना प्रवेश नाही. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. कधी ड्रमचा सेट कुठे स्वस्त मिळेल यावर, कधी अशा गोष्टीवर की बोलणारीला वाक्य पुरं करायला दहा मिनिटं लागतात आणि कुणी घाई करत नाही. वार्ताहरांशी बोलायचं की नाही यावर वाद होतो. नको, असंच बहुतेकींचं मत. ते येतात, केसांच्या पिनांबद्दल विचारतात, पोटावरच्या अक्षरांचा फोटो घेतात आणि मुलगी काय म्हणाली ते गाळतात.

एक गोष्ट तुला दार उघडल्यापासून दिसतेय आणि ती मी लपवणार नाही. या खोलीत तुझ्या रंगाची तू एकटी आहेस. कुणी वाईट वागत नाही. उलट जास्तच छान हसतात, आणि त्या जास्तपणानेच अवघडायला होतं. ‘सगळ्या मुली’ हा शब्द इथे सारखा येतो, पण त्या सगळ्या मुलींना स्वतंत्र बेडरूम आहे, दाराला आतून कडी आहे आणि गिटार घ्यायला कुणीतरी पैसे दिलेत, असं गृहीत धरलंय. रामदाशा बिकसीम ही न्यू जर्सीची काळी मुलगी, शाळकरी वयात ‘गंक’ नावाचं झीन काढते आणि त्यात हे स्पष्ट लिहिते. काही वर्षांनी मिमी थी गुयेन वर्णाने वेगळ्या मुलींचं लिखाण गोळा करून एक अख्खं झीन काढेल. राग त्यांचाही आहे, फक्त तो या खोलीवर आहे. मला तर वाटतं, झेरॉक्स आणि स्टेपलरचा सगळ्यात चोख उपयोग त्यांनी केला.

रात्री चर्चच्या एका हॉलमध्ये बिकिनी किल. खिडक्या उंचावर, हवा अजिबात नाही, फरशीवर सांडलेलं सोड्याचं पाणी बुटाला चिकटून चर्र करतं. दारातच तुझ्या हातात झेरॉक्स कागद येतो, गाण्यांचे शब्द. कागद फक्त मुलींना मिळतोय. स्टेजवर टोबी ड्रमवर, कॅथी विल्कॉक्स बासवर, गिटारवर बिली कॅरेन. हो, पुरुष, आणि तो गुमान कडेला उभा राहून वाजवतो. मध्येच बँडवाले आपापसात वाद्यंही बदलतात. कॅथलीन माइक हातात घेते. गाण्याआधी तिला एकच काम करायचंय : मुलींनी पुढे यायचं, मुलांनी मागे जायचं.

काही पोरगे खांदे उडवून मागे सरकतात. त्यांतले दोन-तीन बरंच मनापासून. काही जागचे हलत नाहीत. “पैसे आम्हीही दिलेत!” मागून कुणीतरी ओरडतो. एक बर्फाचा ग्लास हवेतून येऊन स्पीकरवर फुटतो. कॅथलीन थांबते, त्या दिशेने बोट करते, माइक ठेवून स्टेजवरून उडी मारते, आणि तू पाहत राहतेस की ती त्याला दाराकडे चालवत नेतेय. ती घाबरलेली आहे. इतक्या जवळून मानेवरची शीर दिसते. हे मागच्या भिंतीपासून दिसलं नसतं.

मग मागून ढकलणाऱ्या मुलींमुळे तू पुढे जातेस. स्टेजची कड बरगड्यांना टेकते. तुझ्यापुढे कुणाची पाठ नाही. आवाज आता ऐकण्याची गोष्ट राहिलेली नाही, तो दातांत भरलाय. आणि नाकासमोर, हातभर अंतरावर, कॅथीची बोटं. पहिलं बोट, तिसरं बोट, खाली सरक, परत वर. चारच सूर, आलटून पालटून. तू नकळत डाव्या हाताने मांडीवर तेच करायला लागतेस. एकदा. दोनदा. तिसऱ्या खेपेला बरोबर येतं.

दोन गाण्यांच्या मध्ये माइक खाली येतो. कुणाला काही बोलायचंय? एक मुलगी घेते, चार वाक्यं बोलते आणि रडते. दुसरी घेते आणि फक्त किंचाळते, लांबलचक, मजेत, सगळा हॉल हसतो. तुझ्यासमोरही येतो. काय बोललीस ते मी इथे लिहिणार नाही, ते तुझं तू ठरव.

संपलं. दिवे लागले की हॉल नेहमीपेक्षा लहान आणि घाण दिसतो. कानांत शिट्टी वाजतेय, ती उद्या दुपारपर्यंत वाजेल. मागच्या दाराशी व्हॅन उभी आहे. इथे सामान उचलायला हमाल नसतात, जो रिकामा दिसेल त्याने लावायचा हात. रिकामी तू आहेस. ॲम्पचं एक टोक तुझ्याकडे, दुसरं एका पिना लावलेल्या मुलीकडे. ॲम्पच्या मागून अजून गरम हवा येतेय, तापलेल्या धुळीचा वास. बोटांत हँडल रुततं.

“तुझ्या बँडचं नाव काय?” ती विचारते. बँड आहे का, असं नाही. नाव काय, असं.

तू एक पाऊल चालतेस. दुसरं. तोंडाला येईल ते नाव सांगून टाकतेस, मराठीतच, कारण घाईत दुसरं काही सुचत नाही.

“म्हणजे काय?”

“नंतर सांगते.”

“बरं. कोण कोण आहे?”

“मी. बास.” मांडीवरची तीन बोटं आठवून तू हे अगदी बेधडक म्हणतेस.

“आणि ड्रमवर?”

“अजून ठरायचंय.”

“मी वाजवते ना,” ती म्हणते. “म्हणजे, वाजवेन. गुरुवारी मोकळी आहेस? माझ्याकडे तळघर आहे. आता तुझी बाजू जरा वर घे, पुढे पायरी आहे.”